रेसिपीतलं ‘एक कप बटर’ म्हणजे नेमकं किती?

प्रश्न निपाणीच्या एका ताईंचा आहे. अमेरिकन रेसिपी बघून त्यांनी चॉकलेट चिप कुकीज केल्या. रेसिपीत सव्वादोन कप मैदा आणि ‘एक कप, म्हणजे दोन स्टिक’ बटर होतं. आपल्याकडची शंभर ग्रॅमची वडी म्हणजेच स्टिक असं समजून त्यांनी दोन वड्या घातल्या आणि मैदा डब्यातून कप बुडवून घेतला. कुकीज कोरड्या आणि भुसभुशीत झाल्या. पुढच्या वेळी त्यांनी घरचं म्हशीच्या दुधाचं लोणी कपात दाबून भरलं. तेव्हा पीठ सैल झालं, कुकीज ट्रेभर पसरल्या आणि गार झाल्यावर चामट लागल्या. बटरचं माप नक्की कसं धरायचं, घरचं लोणी चालेल का, आणि तूप घालायचं तर किती, असं त्या विचारतात.

ताई, आधी थेट आकडे सांगते. अमेरिकन रेसिपीत एक कप बटर म्हणजे २२७ ग्रॅम, एक स्टिक किंवा अर्धा कप म्हणजे ११३ ग्रॅम, पाव कप म्हणजे ५७ ग्रॅम, एक टेबलस्पून म्हणजे १४ ग्रॅम आणि एक टीस्पून म्हणजे जेमतेम ५ ग्रॅम. कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा. माझ्या वर्गात येणाऱ्या प्रत्येकीला मी पहिल्या दिवशी हेच लिहून घ्यायला लावते, कारण बटर महाग आहे आणि दोन वड्या वाया गेल्या की जीव हळहळतो.

आता हे आकडे आले कुठून ते बघा, म्हणजे पाठ करावे लागणार नाहीत. अमेरिकेत बटर साधारणपणे एक पौंडाच्या खोक्यात मिळतं. पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम. खोक्यात चार कांड्या, प्रत्येकीला कागदाचं स्वतंत्र वेष्टन, आणि त्या वेष्टनावर टेबलस्पूनच्या आठ रेघा छापलेल्या असतात. तिथली बाई कप किंवा चमचा हातात घेतच नाही. रेघेवर सुरी ठेवते आणि कागदासकट कापते. म्हणजे ‘अर्धा कप बटर’ असं रेसिपीत वाचलं की तिच्यासाठी त्याचा अर्थ ‘एक अख्खी कांडी’ एवढाच असतो. आपण मात्र तो शब्द खरा मानून घट्ट बटर कपात कोंबायला जातो. तळाशी हवेच्या पोकळ्या राहतात, कडेला अर्धा चमचा चिकटून बसतो, आणि एकाच कपानं दोनदा मोजलं तरी वजन वेगळं भरतं. म्हणून बटरसाठी कप वापरूच नका. वजनकाटा वापरा.

काटा नसेल तर आपल्याच वेष्टनावर रेघा मारून घ्या. पाचशे ग्रॅमचा ठोकळा फ्रिजमधून काढला की कागद न सोडता त्याच्या लांबीवर फूटपट्टी ठेवून पेनानं दहा सारखे भाग पाडा. एक भाग ५० ग्रॅमचा. शंभर ग्रॅमच्या वडीचे सात सारखे भाग केलेत तर प्रत्येक भाग १४ ग्रॅमच्या किंचित वर भरतो, म्हणजे बरोबर एक टेबलस्पून. सात भाग करायचे म्हटल्यावर थोडं अवघड वाटतं, पण एकदा खुणा केल्या की अमेरिकन रेसिपी आपल्या वडीवर सरळ उतरवता येते. एक स्टिक म्हणजे एक वडी आणि दुसरीचा एक भाग. दोन स्टिक म्हणजे दोन वड्या आणि तिसरीचे दोन भाग.

आणखी एक जुनी युक्ती आहे, आणि ती वाटते त्यापेक्षा जास्त बिनचूक आहे. मिलिलिटरच्या खुणा असलेल्या जगमध्ये ३०० मिली गार पाणी घ्या. त्यात फ्रिजमधल्या घट्ट बटरचे तुकडे सोडत जा. बटर पाण्यावर तरंगतं, आणि तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतकंच पाणी बाजूला सारते. त्यामुळे पाणी ३०० वरून ४१३ च्या आसपास चढलं की आत ११३ ग्रॅम बटर आहे. वेगळं गणित करायला नको, जितके मिली पाणी चढलं तितके ग्रॅम बटर. फक्त तुकडे बोटानं खाली दाबू नका, ते तळाला किंवा एकमेकांत अडकले नाहीत ना ते बघा, आणि वापरण्याआधी स्वच्छ फडक्यावर टिपून घ्या. जगवरच्या खुणा २५ किंवा ५० मिलीच्या असतात, तेव्हा पाच-दहा ग्रॅमचा फरक पडणार. कुकीज आणि साध्या केकला तेवढा चालतो.

आता तुमच्या पहिल्या घाण्याकडे येऊ. २२७ च्या जागी २०० ग्रॅम गेलं, म्हणजे बटर बारा टक्के कमी पडलं. एवढ्यानं कुकीज थोड्या कोरड्या होतील, पण तुम्ही लिहिता तशा भुसभुशीत होणार नाहीत. माझ्या मते खरा घात मैद्यानं केला. अमेरिकन रेसिपीतला एक कप मैदा १२० ते १२५ ग्रॅमचा असतो. चाळून किंवा चमच्यानं अलगद भरून वरून सुरी फिरवली तर तेवढा भरतो. डब्यात कप बुडवून काढला की तोच कप १५० ग्रॅमपर्यंत जातो. सव्वादोन कपाला २८० ग्रॅम मैदा हवा होता, तुमचा ३३५ च्या पुढे गेला असणार. बटर कमी आणि मैदा जास्त, दोन्ही चुका एकाच दिशेच्या. बटरचं माप एकटं कधी बघू नका, ते नेहमी मैद्याच्या शेजारी ठेवून बघा. पौंड केकमध्ये मैदा, साखर, बटर आणि अंडी चारही समान वजनाची असतात. शॉर्टब्रेडमध्ये तीन भाग मैद्याला दोन भाग बटर आणि एक भाग साखर. तुमच्या कुकीजमध्ये २८० मैद्याला २२७, म्हणजे मैद्याच्या चार-पंचमांश बटर. साध्या कुकीजमध्ये बटरचं वजन मैद्याहून जास्त निघालं तर समजा, कुठेतरी वाचण्यात किंवा मोजण्यात घोटाळा झालाय. भट्टी तापवण्याआधी थांबून पुन्हा बघा.

दुसऱ्या घाण्यातल्या लोण्यावर मला जरा सविस्तर लिहायचंय. खानापूर, चिकोडी, हुक्केरी सगळीकडे घरी म्हशी आहेत, ताज्या लोण्याचे गोळे हाताशी असतात, आणि मग बाजारातून बटर कशाला आणा असं बायकांना वाटतं ते अगदी बरोबर आहे. घरच्या लोण्याची बिस्किटं उत्तम होतात. अट एकच, त्या लोण्यात स्निग्धांश किती आहे ते आपल्याला ठाऊक हवं.

दुकानातल्या टेबल बटरला आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांनी किमान ८० टक्के स्निग्धांश आणि जास्तीत जास्त १६ टक्के पाणी अशी मर्यादा घातलेली आहे. अमेरिकेतही कायद्यानं किमान ८० टक्केच. म्हणून तिकडची रेसिपी आणि इकडचं अमूल, नंदिनी किंवा दुसरं कुठलंही टेबल बटर यांचा ग्रॅमला ग्रॅम मेळ बसतो. घरच्या लोण्याला असा काही नियम नाही. घुसळून गोळा वर आला की कुणी तो दोनदा धुतं, कुणी ताकासकट डब्यात भरतं. त्यात पाणी वीस टक्केही असेल, तीसच्या पुढेही असेल. तुम्ही २२७ ग्रॅम लोणी घेतलं आणि त्यात तीस टक्के पाणी असलं तर पाणीच ६८ ग्रॅम गेलं. रेसिपीला ३६ ग्रॅमच्या आसपास अपेक्षित होतं. जास्तीच्या पाण्यात साखर विरघळली, पीठ सैल झालं म्हणून कुकीज पसरल्या. त्याच पाण्यानं मैद्यातलं ग्लुटेन चिवट झालं म्हणून त्या चामट लागल्या.

आपलं लोणी किती टक्क्यांचं आहे ते घरीच कळतं. तेवढ्यासाठी काटा मात्र हवा, स्वतःचा नसला तर शेजारून आणा. रिकामी कढई काट्यावर ठेवा, वजन लिहून घ्या. बरोबर १०० ग्रॅम लोणी घालून मंद आचेवर कढवा. सुरुवातीला मोठे बुडबुडे आणि तडतड, ते पाणी जातंय. मग आवाज बसतो, बारीक फेस येतो, तळाशी बेरी तांबूस व्हायला लागते. लगेच उतरवा. बारीक गाळणीतून तूप वाटीत गाळा, कढईला लागलेलं चमच्यानं निपटून घ्या आणि वाटीतल्या तुपाचं वजन करा. ७० ग्रॅम भरलं तर तुमचं लोणी ७० टक्क्यांचं. ७८ भरलं तर तुम्ही लोणी चांगलं धुता, ते जवळपास बटरसारखंच वापरा. हे तूप वाया जात नाही, पोळीवर घालायला होतंच. एकाच घरात, एकाच पद्धतीनं लोणी निघत असेल तर ही परीक्षा दर वेळी करायची गरज नाही. म्हशीचा चारा बदलला की लोण्याचा रंग आणि मऊपणा बदलतो, पण पाणी किती राहतं ते मुख्यतः धुणाऱ्या हातावर अवलंबून असतं.

पाणी जास्त निघालं तर लोणी वाढवून भागत नाही, कारण लोण्याबरोबर पाणीही वाढतं. लोणी सुधारावं लागतं. गोळा बर्फाच्या पाण्यात घालून हातानं दाबा, पांढरं झालेलं पाणी ओतून टाका, पुन्हा ताजं गार पाणी घाला. पाणी निवळ यायला लागेपर्यंत हे करा. मग गोळा तिरप्या धरलेल्या परातीत ठेवून लाकडी उलथन्यानं दाबत, घडी घालत राहा. पाण्याचे थेंब सुटून परातीच्या कडेला वाहताना दिसतील. थेंब सुटायचे थांबले की मलमलीत गुंडाळून फ्रिजमध्ये रात्रभर ठेवा आणि सकाळी पुसून वापरा. ताक निघून गेल्यामुळे आंबूस वासही कमी होतो. दह्याच्या लोण्याची हलकी आंबट चव मला स्वतःला बिस्किटात आवडते, चॉकलेटबरोबर मात्र ती खटकते. चॉकलेटचं काही करायचं असेल तेव्हा ताजं, त्याच दिवशी काढलेलं लोणी घ्या.

तुपाचं गणित त्याहून सोपं. तूप म्हणजे जवळपास निव्वळ स्निग्धांश. १०० ग्रॅम बटरच्या जागी ८० ग्रॅम तूप आणि १६ ग्रॅम पाणी किंवा दूध. एका स्टिकच्या जागी ९० ग्रॅम तूप आणि १८ ग्रॅम दूध, दोन स्टिकच्या जागी १८२ ग्रॅम तूप आणि ३६ ग्रॅम दूध. बरोबरीनं तूप घातलं तर पाव पट जास्त चरबी जाते आणि कुकीज तेलकट होऊन पसरतात. नानकटाईला दूध घालू नका, ती मुळात तुपाचीच आहे आणि तिचा खुसखुशीतपणा पाणी नसल्यामुळेच येतो. केकसाठी मात्र मी तुपाचा आग्रह धरत नाही. मऊ बटर साखरेबरोबर फेटताना जी हवा धरून ठेवतं, तशी रवाळ किंवा पातळ तूप धरत नाही आणि केक दडस होतो. डालडा किंवा वनस्पतीलाही वजनाचं हेच गणित. ज्या डब्यावर ‘फॅट स्प्रेड’ लिहिलंय ते बेकिंगला घेऊच नका, त्यात स्निग्धांश ४० टक्के इतका कमीही असू शकतो.

मिठाबद्दल थोडं. अमेरिकन रेसिपीत बहुधा बिनमिठाचं बटर गृहीत धरून मीठ वेगळं सांगितलेलं असतं. आपल्या गल्लीतल्या दुकानात सहसा मिठाचं बटरच मिळतं, आणि नियमानं त्यात ३ टक्क्यांपर्यंत मीठ असू शकतं. वेष्टनावर शंभर ग्रॅममागे सोडियम किती मिलिग्रॅम ते छापलेलं असतं. त्या आकड्याला अडीचनं गुणा, मीठ मिळेल. सोडियम ८०० असेल तर १०० ग्रॅमला मीठ २ ग्रॅम. तुमच्या २२७ ग्रॅमला साडेचार ग्रॅम, म्हणजे पाऊण टीस्पून. रेसिपीत एक टीस्पून सांगितलं असेल तर वरून फक्त पाव टीस्पून घाला. घरच्या लोण्यात मीठ नसतंच, तेव्हा तिथे पूर्ण घाला. बिनमिठाच्या कुकीज गोड असूनही पाणचट लागतात.

‘वितळवलेलं बटर’ सांगितलं असेल तर आधी घट्ट वजन करून मग वितळवा, वजन तेच राहतं. तांबूस करून घ्यायला सांगितलं असेल तर वेगळी गोष्ट. त्यात पाणी उडून जातं आणि १०० चे ८० ते ८५ उरतात. रेसिपीतला आकडा तांबूस करण्याआधीचा की नंतरचा ते नीट वाचा. नंतरचा असेल तर सव्वापट घेऊन सुरुवात करा.

देशादेशांचे कप वेगळे आहेत. अमेरिकन कप २३७ मिलीचा, ऑस्ट्रेलियन २५० चा. ऑस्ट्रेलियन टेबलस्पून तर २० मिलीचा, म्हणजे त्यात बटर १९ ग्रॅम बसतं. ब्रिटिश रेसिपी आता ग्रॅममध्येच असतात, त्या डोळे झाकून वापरा. फ्रेंच बटरमध्ये स्निग्धांश साधारण ८२ टक्के असतो. त्या दोन टक्क्यांनी कुकीजला काही होत नाही, खारीसारख्या पदरांच्या पिठाला जाणवतं.

आपल्याकडच्या जुन्या वह्यांचा प्रश्नही वरचेवर येतो. बेळगावच्या कॅम्पातल्या घरांतून नाताळच्या केकच्या, आणि शहापूर-टिळकवाडीच्या आज्यांकडे बिस्किटांच्या अशा वह्या आहेत. त्यात रत्तल आणि औंस असतात. रत्तल म्हणजे पौंड, ४५४ ग्रॅम. औंस २८ ग्रॅम. तेव्हा ‘अर्धा रत्तल लोणी’ म्हणजे २२७ ग्रॅम, थेट आजच्या रेसिपीतला एक कप. ‘पाव रत्तल’ म्हणजे एक स्टिक. ‘अंड्याएवढं लोणी’ असं लिहिलं असेल तर दोन औंस, ५५ ते ६० ग्रॅम धरा. मात्र त्या वहीत लोणी म्हणजे घरचं की डब्यातलं बटर, ते घरातल्या मोठ्या माणसांना विचारून घ्या. ती माणसं आहेत तोवरच विचारा.

हवेचं एवढंच बघा. वजन नेहमी थंड बटरचं करा, मऊ करायला नंतर ठेवा. फेटायला बटर १८ ते २० अंशांचं हवं. बोट दाबलं की खळगा पडतो पण बोट चकाकत नाही, ती अवस्था. एप्रिलमध्ये निपाणीत ते पंधरा-वीस मिनिटांत तयार होतं, डिसेंबरच्या सकाळी बेळगावात तासाभरानंही घट्टच असतं. तेव्हा बारीक तुकडे करून कोमट पाण्यानं विसळलेल्या, पुसलेल्या भांड्याखाली झाकून ठेवा. बेळगाव उंचावर आहे म्हणून बटर कमी करायचं का, असंही काहीजणी विचारतात. बेळगाव साधारण ७५० मीटरवर आहे. रेसिपीत बदल करायची वेळ साधारण ९०० मीटरच्या पुढे येते. काही बदलू नका.

तुमच्या रेसिपीचे आकडे असे लिहून घ्या: मैदा २८० ग्रॅम, मिठाचं टेबल बटर २२७ ग्रॅम, वरून मीठ पाव टीस्पून. साखर, अंडी आणि बाकी सगळं रेसिपीप्रमाणे. अर्धा घाणा करायचा असेल तर मैदा १४० आणि बटर ११३, म्हणजे एक वडी आणि दुसरीचा सातवा भाग. लोण्याचा करायचा असेल तर आधी शंभर ग्रॅम कढवून बघा आणि तूप किती भरलं ते मला कळवा, त्याप्रमाणे पुढचं माप काढून देते.